खद्योताचा दीप
(मठाच्या वर्धापनोत्सवानिमित्त इंदूर येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



समईला तेल लागते, वात लागते, ती पेटविण्यासाठी काडी लागते आणि ज्योत तेवत राहावी म्हणून भोवती हवाही लागते. यांतील एकाची उणीव पडली तरी गाभाऱ्यात अंधार होतो. शिवाय जेथे ज्योत तेथे धग, हा नियम माणसाच्या इतका अंगवळणी पडलेला आहे की निरांजनावरून हात फिरवून तो डोळ्यांना लावताना त्या उबेचे कोणालाही नवल वाटत नाही. परंतु मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्यावर ओल्या झाडाच्या फांदीवर जो इवलासा दिवा लुकलुकू लागतो, तो मात्र या नियमाला अपवाद आहे. काजवा तळहातावर घेतला तर चटका बसत नाही. पाऊस त्याला विझवीत नाही. त्याला वात नाही, आणि काडी ओढणाराही कोणी दिसत नाही. हा दिवा कशाने पेटतो, त्यात तेल कोणते जळते, आणि तो विझण्याचा प्रसंग आज का आला आहे, या तीन प्रश्नांचा विचार आजच्या व्याख्यानात करावयाचा आहे.

संस्कृत वाङ्मयाला हा कीटक फार जुना परिचित आहे. अमरकोशात त्याची दोन नावे येतात. खद्योत, म्हणजे आकाशात चमकणारा. आणि ज्योतिरिंगण, म्हणजे हालचाल करणारी ज्योत. श्वेताश्वतरोपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात योगाभ्यास करणाऱ्या साधकाला ब्रह्मदर्शनापूर्वी जी रूपे दिसतात त्यांची गणना आहे. तीत धुके, धूर, सूर्य, वारा, अग्नी, वीज, स्फटिक आणि चंद्र यांच्या पंक्तीला खद्योतही बसविलेला आहे. पंचतंत्रात तर त्याच्यावरून एक गोष्टच घडते. थंडीने कुडकुडणाऱ्या वानरांना काजवा दिसतो. त्याला विस्तवाची ठिणगी समजून ते त्यावर वाळलेले गवत व पाने रचतात आणि फुंकीत बसतात. सूचीमुख नावाचा पक्षी त्यांना पुनःपुन्हा सांगतो की हा अग्नी नव्हे, याने ऊब मिळावयाची नाही. तेव्हा चिडलेले वानर त्या उपदेशकाचाच प्राण घेतात. मूर्खास उपदेश करू नये हे या कथेचे तात्पर्य सर्वांना पाठ असते. परंतु कथा रचणाऱ्याचे निरीक्षणही लक्षात घेण्याजोगे आहे. काजव्याचा प्रकाश शीतल असतो ही गोष्ट ठाऊक असल्यावाचून ही कथा सुचलीच नसती.

येथे एक सावधगिरी अवश्य पाळावयास हवी. प्राचीनांनी काजव्याचे निरीक्षण केले, त्याला समर्पक नाव दिले, त्याचा दृष्टांतात उपयोग केला. परंतु त्या प्रकाशाचे कारण त्यांनी शोधून काढले होते असे म्हणण्यास आधार नाही. खद्योत या शब्दात आधुनिक रसायनशास्त्र दडलेले आहे असे सांगणे ही शास्त्राची सेवा नव्हे आणि श्रद्धेचीही नव्हे. पूर्वजांकडून जे खरोखर मिळाले आहे ते याहून अधिक उपयोगाचे आहे. कारण आणि कार्य यांचा संबंध कसा तपासावा याची रीत त्यांनी घालून दिली. एक असता दुसरे असणे हा अन्वय. एक नसता दुसरे नसणे हा व्यतिरेक. पाठशाळेतील विद्यार्थ्याला ही जोडी तर्कशास्त्राच्या आरंभीच शिकविली जाते. काजव्याच्या दिव्याचे कोडे जेव्हा सुटले, तेव्हा ते याच रीतीने सुटले.

पहिले पाऊल इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईल याने १६६७ साली टाकले. कुजलेले लाकूड काही वेळा अंधारात मंद चमकते. त्याचा एक तुकडा बॉईलने काचेच्या पात्रात ठेवला आणि पंपाने आतील हवा काढून घेतली. प्रकाश मंदावत मंदावत नाहीसा झाला. हवा पुन्हा आत सोडताच तो परत आला. हवा असता प्रकाश, हवा नसता अंधार. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही सिद्ध झाले. हवेतील प्राणवायूचा शोध लागण्यास त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली, परंतु या थंड प्रकाशालाही समईप्रमाणे हवा लागते एवढे त्या दिवशी निश्चित झाले.

दुसरे पाऊल फ्रान्समधील राफाएल द्युब्वा याचे. त्याने १८८५ साली वेस्ट इंडीजमधील एका प्रकाशमान भुंगेऱ्यावर आणि १८८७ साली खडकात बीळ करून राहणाऱ्या एका शिंपल्यावर प्रयोग केले. प्रकाश देणारा अवयव त्याने थंड पाण्यात कुस्करला. ते पाणी काही वेळ चमकले आणि मग विझले. दुसरा तसाच अवयव त्याने कढत पाण्यात घातला. तेथे उष्णतेमुळे प्रकाश मालवला. दोन्ही पाण्यांत आता अंधार होता. मग कढत पाणी निवू देऊन त्याने ती दोन्ही एकत्र केली, आणि मिश्रण पुन्हा चमकू लागले. यावरून द्युब्वाने जे अनुमान काढले ते असे. प्रकाशासाठी दोन द्रव्ये लागतात. एक द्रव्य उष्णता सोसते, परंतु प्रकाश देताना खर्च होते. दुसरे उष्णतेने नष्ट होते, परंतु प्रकाश देताना खर्च होत नाही. थंड पाण्यात पहिले संपले होते व दुसरे उरले होते. कढत पाण्यात दुसरे मेले होते व पहिले उरले होते. एकत्र येताच दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली. पहिल्याला त्याने ल्युसिफेरिन असे नाव दिले आणि दुसऱ्याला ल्युसिफेरेज. प्रकाश वाहून आणणारा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ही दोन्ही नावे बनली आहेत.

यांपैकी ल्युसिफेरेज हे विकर आहे. विकर म्हणजे काय हे समजण्यासाठी दूर जावयास नको. ज्वारीच्या भाकरीचा घास बराच वेळ चावीत राहिले की तो गोड लागू लागतो. भाकरीत साखर घातलेली नसते. लाळेतील एक विकर पिठातील पिष्ट द्रव्याचे गोड द्रव्यात रूपांतर करते. शरीरात अशी हजारो विकरे अहोरात्र कामे करीत असतात आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. विकराचे लक्षण असे की ते दोन द्रव्यांचा संयोग किंवा एका द्रव्याचे विघटन शीघ्र घडवून आणते आणि स्वतः मात्र पूर्ववत राहून पुढच्या कामास सिद्ध होते. लग्न लावणारे भटजी वधूवरांच्या हातात हात देऊन दुसऱ्या मांडवाकडे निघतात, त्यातलाच हा प्रकार. शास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ल्युसिफेरिन हे या प्रकाशाचे उपादानकारण, ल्युसिफेरेज हे निमित्तकारण आणि प्राणवायू हे सहकारी कारण होय. मातीचा घट होतो, कुंभाराचा होत नाही. तरी कुंभारावाचून माती ही मातीच राहते.

एवढ्याने कोडे सुटले असे वाटावे, परंतु एक गाठ शिल्लक होती. काजव्यांच्या अवयवाचा अर्क काही काळ चमकून विझे आणि द्रव्ये शिल्लक असूनही पुन्हा पेटत नसे. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय या शास्त्रज्ञाने हा प्रश्न हाती घेतला. संशोधनासाठी काजवे पुष्कळ लागत, म्हणून तो गावातील मुलांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट देत असे. १९४७ साली त्याने विझलेल्या अर्कात एटीपी नावाचे द्रव्य घातले आणि अर्क तत्काळ उजळला. एटीपी, म्हणजे अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, हे प्रत्येक सजीवाच्या शरीरातील शक्तीचे चलन आहे. अन्न पचून जी शक्ती निर्माण होते ती या द्रव्याच्या रूपाने पेशीपेशीत पोहोचते आणि हात उचलण्यापासून विचार करण्यापर्यंत प्रत्येक व्यापारात खर्च होते. ज्यांनी हे द्रव्य १९२९ साली ओळखले त्यांत एक भारतीय होता ही गोष्ट सर्वांनी अभिमानाने स्मरणात ठेवावी. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्ड येथे सायरस फिस्क यांच्यासमवेत ते वेगळे केले. जर्मनीत कार्ल लोमान यानेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच साधले.

काजव्याचा दिवा अन्नावर जळतो, असा मॅकेलरॉयच्या शोधाचा अर्थ. येथे छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग सहज आठवतो. उद्दालक आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहावयास सांगतात. सोळाव्या दिवशी त्याला वेद म्हणावयास सांगितले तेव्हा काहीच आठवेना. पिता म्हणतो की मोठ्या अग्नीतून काजव्याएवढा एकच निखारा उरावा तशी तुझी एक कला उरली आहे; आता जेव. जेवल्यावर त्याला सर्व आठवू लागले, जसा तो निखारा गवताने पुन्हा प्रज्वलित होतो. उपनिषदाला तेथे मनाचे अन्नमयत्व सांगावयाचे आहे, काजव्याचे रसायन नव्हे. तथापि अन्न आणि तेज यांचा संबंध दाखविताना ऋषींच्या डोळ्यांसमोर काजवाच यावा, हा योग मनाला आनंद देणारा आहे.

आता प्रत्यक्ष क्रिया पाहू. काजव्याच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या पेशींत ल्युसिफेरिन हे ल्युसिफेरेजच्या खाचेत येऊन बसते. मॅग्नेशियमच्या साहाय्याने एटीपीचा एक भाग त्याला चिकटतो आणि ते क्रियेस सिद्ध होते. त्यानंतर प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि एक अत्यंत अस्थिर पदार्थ निर्माण होतो. तो फुटताना कर्बद्विप्राणिद वायू बाहेर पडतो आणि उरलेला रेणू शक्तीने भरलेल्या, उत्तेजित अवस्थेत राहतो. ही अवस्था क्षणाहूनही कमी टिकते. मूळ स्थितीस येताना तो रेणू आपली शक्ती पिवळसर हिरव्या प्रकाशकणाच्या रूपाने टाकून देतो. अग्नीत प्रथम उष्णता येते आणि पदार्थ तापल्यामुळे तो प्रकाशतो. येथे रसायनातील शक्ती तापण्याची पायरी वगळून थेट प्रकाशात उतरते. म्हणूनच पंचतंत्रातील वानरांना ऊब मिळाली नाही.

पूर्वी असे मानले जाई की ल्युसिफेरिनचे शंभर रेणू खर्च झाले की सुमारे अठ्ठ्याऐंशी प्रकाशकण मिळतात. २००८ साली जपानमध्ये अधिक काटेकोर साधनांनी फेरमोजणी झाली, तेव्हा ही संख्या सुमारे एक्केचाळीस निघाली. जुना आकडा पुष्कळ पुस्तकांतून अद्याप छापला जातो, म्हणून हा खुलासा. कमी झालेला आकडाही लहान नव्हे. तारेच्या जुन्या बल्बमध्ये शंभर भाग विजेतील जेमतेम पाचसहा भागांचा दृश्य प्रकाश होई व बाकी सर्व उष्णता म्हणून वाया जाई.

आणि हा दिवा लुकलुकतो कसा? प्राणवायू पेशीच्या आत पोहोचू द्यावयाचा की अडवावयाचा, यावर ते अवलंबून असते. मज्जातंतूकडून आज्ञा आली की नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू पेशींत अल्पकाळ उत्पन्न होतो. त्याच्यामुळे पेशीतील शक्तिगृहे प्राणवायूचा वापर क्षणभर थांबवितात, आणि वाचलेला प्राणवायू ल्युसिफेरेजपर्यंत जातो. २००१ साली अमेरिकेतील संशोधकांनी हे दाखवून दिले. बॉईलने पंपाने जे केले ते काजवा प्रत्येक लुकलुकीत आपल्या शरीरात करीत असतो.

ल्युसिफेरेजचे स्फटिक आर्डा ग्रीन या विदुषीने मॅकेलरॉयसमवेत १९५६ साली मिळविले. त्याची घडण मात्र १९९६ साली लंडनमध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. साडेपाचशे अमिनो आम्लांची ही साखळी दोन भागांत दुमडलेली असते, एक मोठा व एक लहान, आणि त्यांच्यामध्ये खाच असते. नमस्कारासाठी हात जुळावेत तसे हे दोन भाग ल्युसिफेरिनभोवती जवळ येतात. इंदूरकरांना या प्रसंगी आपल्याच गावातील एका प्रकाशाची आठवण व्हावी. येथील राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचे वलय आहे. त्याचा परीघ १७२.५ मीटर असून त्यातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन क्ष-किरण उत्सर्जित करतात. प्रथिनांच्या स्फटिकांची घडण पाहण्यासाठी तेथे एक स्वतंत्र शलाका राखलेली आहे. काजव्याच्या विकरासारखी सूक्ष्म वस्तू डोळ्यांना कधीच दिसावयाची नाही. ती पाहावयाची तर एवढे मोठे वलय उभारावे लागते.

या विकराची घडण पाहताना आणखी एक गोष्ट उघड झाली. प्राणिमात्रांच्या शरीरात मेदाम्लांना पुढील क्रियेसाठी सिद्ध करणारी जी अगदी सामान्य विकरे असतात, त्यांच्याशी ल्युसिफेरेजचे निकटचे नाते आहे. पूर्वापार घरकाम करणाऱ्या एका विकरात अल्पसे बदल होत गेले आणि त्यातून दिवा लावणारे विकर घडले, असे शास्त्रज्ञ मानतात.

काजवा एकटाच प्रकाशमान आहे असे मात्र समजू नये. ज्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर काळोख्या रात्री मुक्काम केला असेल, त्यांच्यापैकी काहींनी लाट फुटताना निळसर प्रकाश उसळलेला पाहिला असेल. हा नॉक्टिलुका नावाच्या एकपेशीय जीवांचा खेळ. या शब्दाचा अर्थच रात्रीचा दिवा असा आहे. पाणी ढवळले की हे जीव चमकतात. नेत्राला सुखविणाऱ्या या दृश्याची दुसरी बाजूही आहे. गोमंतकीय शास्त्रज्ञ हेल्गा गोम्स व जोआकिम गोएस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली दाखवून दिले की अरबी समुद्रात प्राणवायूची उणीव वरच्या थरापर्यंत पसरत आहे आणि त्यामुळे हिवाळ्यात या जीवाची अफाट वाढ होऊन माशांचे नेहमीचे सूक्ष्म खाद्य मागे पडत आहे.

भीमाशंकराच्या दर्शनास पावसाळ्यात जाणाऱ्या यात्रिकांना तेथील अरण्यातील कुजलेली लाकडे रात्री हिरवट चमकताना दिसतात. तो बुरशीचा प्रकाश. तिच्यातील ल्युसिफेरिन काजव्याच्या ल्युसिफेरिनहून सर्वस्वी निराळे आहे. रशियन शास्त्रज्ञांनी ते २०१५ साली ओळखले. समुद्रातील जीवांची द्रव्ये त्याहूनही वेगळी. सजीव सृष्टीत प्रकाश देण्याची युक्ती चाळीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उदय पावली असावी असा अंदाज आहे. तेल निराळे, पेटविणारे हात निराळे. प्राणवायूची अट मात्र जवळजवळ सर्वत्र एकच. कालिदासाने कुमारसंभवाच्या आरंभी हिमालयातील गुहांत रात्री तेलावाचून दिव्यांचे काम करणाऱ्या औषधींचे वर्णन केले आहे. त्या वनस्पती कोणत्या याचा निर्णय होऊ शकत नाही. तथापि तेलावाचून जळणारा दिवा ही कविकल्पना सृष्टीने अनेक ठिकाणी खरी करून ठेवली आहे.

आता या ज्ञानाचा मनुष्याला उपयोग काय, ते पाहू. १९८५ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी काजव्याच्या ल्युसिफेरेजचे जनुक वेगळे करून साध्या जंतूंत घातले आणि ते विकर जंतूंकडून बनवून घेतले. याचा पहिला लाभ काजव्यांनाच झाला. त्यापूर्वी प्रयोगशाळांसाठी दरवर्षी लक्षावधी काजवे पकडून मारले जात असत. ती गरज यामुळे संपली.

दुसरा लाभ स्वच्छतेचा. जेथे जीव आहे किंवा जीवाचा अवशेष आहे तेथे एटीपी असते. भांड्यावरून अथवा शस्त्रक्रियेच्या मेजावरून कापसाचा बोळा फिरवून तो ल्युसिफेरिन व ल्युसिफेरेज यांच्या मिश्रणात बुडविला, की एटीपी जितके असेल तितका प्रकाश पडतो आणि यंत्र तो मोजते. डोळ्यांना लख्ख दिसणारी वस्तू खरोखर धुतली गेली आहे की नाही, हे अर्ध्या मिनिटात कळते. देशातील स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात २०१७ पासून सलग अनेक वर्षे पहिला क्रमांक मिळविणाऱ्या इंदूरच्या नागरिकांना ही परीक्षा विशेष आवडावी.

तिसरा उपयोग क्षयरोगासंबंधी. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो, त्यामुळे एखाद्या रोग्याला कोणते औषध लागू पडेल हे जंतू वाढवून पाहण्याच्या जुन्या पद्धतीने कळावयास कित्येक आठवडे जात. तोवर रोगी निरुपयोगी औषध घेत राही. १९९३ साली न्यूयॉर्कमधील शास्त्रज्ञांनी काजव्याचे जनुक एका विषाणूच्या द्वारे क्षयाच्या जंतूंत पोहोचविले. जंतू जिवंत असला की त्याच्या एटीपीवर दिवा पेटे. औषधाने तो मेला की दिवा विझे. आज रुग्णालयांत जनुके तपासण्याच्या दुसऱ्या शीघ्र चाचण्या अधिक प्रचारात आहेत, परंतु नवी औषधे पारखणाऱ्या प्रयोगशाळांत काजव्याचे विकर अजून राबते आहे. ज्या देशात क्षयाने घरेच्या घरे बसली, तेथे या कीटकाचे ऋण लहान मानता येणार नाही.

श्रोतेहो, ज्याचे एवढे ऋण आहे त्याची आजची स्थिती काय? काजव्याचे आयुष्य बहुतांशी अळीच्या रूपात, ओल्या मातीत आणि पालापाचोळ्याखाली जाते. तेथे ती गोगलगायी व गांडुळे खाऊन महिनोन् महिने वाढते. पंख फुटल्यावर जे थोडे दिवस उरतात त्यांत पुष्कळ जातींचे काजवे काहीच खात नाहीत. अळीने साठविलेल्या अन्नावरच तो दिवा जळतो. प्रकाशाचे संकेत देत नर मादीला शोधतो, मादी प्रकाशानेच उत्तर देते, आणि त्यांची भेट झाली तरच पुढच्या वर्षी काजवे दिसतात. भोवती विजेचा झगझगाट असेल तर हा संवाद बुडून जातो. नर फिरत राहतो, मादीचे उत्तर त्याला दिसत नाही, साठविलेले तेल संपते आणि दोघेही निष्फळ मरतात. २०२० साली जगभरच्या काजवा-अभ्यासकांची मते एकत्र करण्यात आली, तेव्हा तीन मोठी संकटे पुढे आली : राहण्याच्या जागेचा नाश, रात्रीचा कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशके.

महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या परिसरात, घाटघर, पांजरे, मुरशेत, रतनवाडी, तसेच पुरुषवाडी या गावांच्या शिवारांत मे महिन्याच्या अखेरीपासून जूनपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर यांसारखी झाडे काजव्यांनी बहरतात. ते पाहण्यास शहरांतून लोकांची दाटी होऊ लागली. त्यामुळे गावकऱ्यांना चार पैसे मिळाले, हे चांगलेच झाले. परंतु मोटारींचे झोत, विजेऱ्या, छायाचित्रांसाठी पाडलेला लखलखाट आणि झाडाखालच्या ओल्या मातीवरून फिरणारी पावले यांनी, ज्या सोहळ्यासाठी लोक येतात त्याचेच मूळ उखडले जाऊ लागले. वनखात्याला निर्बंध घालावे लागले. रतनवाडीला अमृतेश्वराचे प्राचीन शिवालय आहे. दर्शनाच्या निमित्ताने तेथे जाणारा भाविक आणि मौजेखातर जाणारा प्रवासी यांच्या पावलांखालची अळी दोघांना सारखीच चिरडते.

माळव्याचाही येथे संबंध येतो. १९२४ साली याच इंदुरात वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. शेण, पाला आणि काडीकचरा कुजवून जमीन सजीव ठेवण्याची जी रीत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने येथे सिद्ध केली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. जेथे मातीत पालापाचोळा आणि ओल आहे तेथे गोगलगाय आहे, आणि जेथे गोगलगाय आहे तेथे काजव्याच्या अळीला अन्न आहे. ज्या शहराचे नाव सजीव मातीशी जोडले गेले, त्याच्या भोवतीच्या शेतांत विषारी फवाऱ्यांनी ती माती निर्जीव होऊ नये.

भाविकांनी यात काय करावे? ज्यांना यंदा भीमाशंकरास वा रतनवाडीस जावयाचे असेल त्यांनी सूर्यास्तानंतर मोटारीचे दिवे झाडांवर रोखू नयेत. विजेरी लागलीच तर तिच्यावर तांबडा कागद बांधून ती जमिनीकडे धरावी. छायाचित्रासाठी झोत पाडू नये, मळलेली वाट सोडून झाडाखाली शिरू नये आणि मुलांच्या हट्टासाठीही काजवा बाटलीत भरू नये. ज्यांना कोठे जावयाचे नाही, त्यांनी मृगापासून आर्द्रा संपेपर्यंत आपल्या अंगणातील, बागेतील व मळ्यातील अनावश्यक दिवे रात्री मालवावेत. उत्सवाची रोषणाई जेथे देवाच्या दारी हवी तेथे असावी. परंतु आवारातील झाडांवर रात्रभर विजेच्या माळा जळत ठेवल्याने देवाच्या सेवेत भर पडते असे नाही. पानगळीचा कचरा जाळण्याऐवजी बागेच्या कोपऱ्यात कुजू द्यावा. यांपैकी एकाही गोष्टीस द्रव्य लागत नाही.

गाभाऱ्यातील समईची काळजी घेण्यास मठात सेवेकरी आहेत. तेल संपत आले की ते घालतात, वात कोजळली की पुढे सारतात. रानातील या दिव्याला तेल घालणारा कोणी नाही; अळीने वर्षभर साठविलेल्या शिदोरीवर तो थोड्या रात्री जळतो. त्याची सेवा एवढीच की तेवढ्या रात्री त्याच्याभोवती अंधार राहू द्यावा. येत्या मृगात मठाच्या आणि भक्तांच्या अंगणांत ही सेवा सुरू व्हावी, अशी सर्वांस विनंती आहे.

इति शम्.